मरणोत्तर समता

साम्राज्यशाहीच्या सैन्यात लढून मेलेल्यांचे स्मरण आपल्यासारख्यांनी करावे की नाही, हा प्रश्न चळवळीत अधूनमधून डोके वर काढतो आणि बहुधा टाळला जातो. युद्ध राज्यकर्त्यांचे, सैन्य राज्यकर्त्यांचे, स्मारकेही राज्यकर्त्यांचीच. आपला त्यांच्याशी संबंध काय, असे म्हणून कार्यकर्ते पुढे जातात. या उत्तरात सोय आहे, विचार नाही. युद्धे राज्यकर्ते पुकारतात हे खरे. पण मरतात ती प्रामुख्याने शेतकऱ्यांची आणि कामगारांची मुले. त्यांचे स्मरण आपण राज्यकर्त्यांच्या हवाली केले, तर ते कोणत्या कारणी लावायचे हेही राज्यकर्तेच ठरवणार. म्हणून या प्रश्नाचा एकदा नीट विचार करणे अगत्याचे आहे. दुसऱ्या महायुद्धात एकत्र मेलेल्या आणि एकत्र पुरल्या गेलेल्या वैमानिकांचे उदाहरण त्यासाठी विशेष उपयोगी आहे. कारण समता आणि विषमता या दोन्ही गोष्टी त्यांच्या कबरींपाशी एकाच वेळी दिसतात.

बेल्जियममध्ये गेरार्ड्सबर्गन नावाचे गाव आहे. त्याच्या जवळून वाहणाऱ्या डेंडर नदीच्या काठी दलदल आहे. १९४४ च्या मे महिन्यात १२ तारखेच्या रात्री कॅनडाच्या हवाई दलाच्या ४२६ व्या स्क्वाड्रनचे हॅलिफॅक्स जातीचे एक बाँबफेकी विमान या दलदलीत कोसळले. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरण्यास महिनाभराचाच अवधी होता आणि जर्मनांची दळणवळणाची साधने मोडून काढण्याचे काम चालू होते. लूव्हेन शहरातील रेल्वे यार्ड हे त्या रात्रीचे लक्ष्य होते. विमानात आठ जण होते, आठही मेले. पाच जणांचे देह जर्मनांनी काढून पुरले. उरलेले तिघे विमानाच्या सांगाड्यासह चिखलात खोल रुतून राहिले. पुढे १९९७ साली, म्हणजे ५३ वर्षांनंतर, मृतांपैकी एकाच्या नातलगाने धरलेल्या चिकाटीमुळे ती दलदल उपसण्यात आली. तिघांचे अवशेष सापडले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांना त्यांच्या पाच सोबत्यांजवळ, त्याच गावच्या दफनभूमीत, लष्करी इतमामाने मूठमाती देण्यात आली. अर्ध्या शतकाने आठ जण पुन्हा एकत्र आले.

या घटनेतील माणुसकी नाकारण्याचे कारण नाही. तीन माणसांची हाडे शोधण्यासाठी एवढा खटाटोप करावासा वाटणे, हे कोणत्याही समाजाला भूषणावह आहे. मेलेला माणूस नुसता आकडा नसतो, त्याला नाव असते, त्याचे एक ठिकाण असावे लागते, ही भावना त्यामागे आहे. ही भावना लक्षात ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

युरोपातील युद्धकाळच्या दफनभूमींत अशा कबरी ठिकठिकाणी आहेत. जर्मनीतील राइखस्वाल्ड जंगलाच्या कडेची दफनभूमी ही त्यांपैकी मोठी. एरवी दोन स्मृतिशिळांमध्ये ठरावीक अंतर असते. परंतु काही ठिकाणी पाच, सहा, सात शिळा एकमेकींना अगदी चिकटून उभ्या दिसतात. त्याचा अर्थ असा की ते विमान पेटून किंवा जमिनीवर आदळून अशा रीतीने नष्ट झाले की कोणता देह कोणाचा हे ठरवणे अशक्य झाले. नावे सात, शिळा सात, कबर मात्र एक. दफनभूमीच्या नोंदवहीत तिची नोंद सामूहिक कबर म्हणूनच केलेली असते.

या सात जणांत कोण असत? लँकेस्टर जातीच्या विमानाचे उदाहरण घेऊ. एक वैमानिक, एक इंजिनांवर देखरेख करणारा, एक मार्ग आखणारा, एक बाँब टाकणारा, एक बिनतारी संदेश पाठवणारा आणि दोन मशीनगन चालवणारे. इंजिने पाहणारे बहुधा हवाई दलाच्या कारखान्यांतून फिटर म्हणून तयार झालेले तरुण असत. गनर म्हणून येणाऱ्यांत साध्या घरांतील पोरे पुष्कळ. कोणी गिरणीतून आलेला, कोणी कारकुनी करणारा, कोणी नुकताच शाळा सोडलेला. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड येथील तरुणांबरोबर वेस्ट इंडीजमधील कृष्णवर्णीय तरुणही त्यांत होते. हवाई दलाची पद्धत अशी होती की प्रशिक्षण संपल्यावर सर्वांना एका मोठ्या शेडमध्ये एकत्र आणून आपापले सोबती निवडण्यास सांगत. वरून हुकूम नाही, यादी नाही. लष्करासारख्या हुकमी संस्थेनेही येथे माणसांच्या परस्परविश्वासावर भिस्त ठेवली, कारण त्यावाचून ते काम होणारेच नव्हते. प्रत्येकाचा जीव उरलेल्या सहांच्या हाती होता. वैमानिक सार्जंट असेल आणि मार्ग आखणारा अधिकारी असेल, तरी आकाशात वैमानिकाचाच शब्द अखेरचा मानला जाई. तेथे हुद्द्यापेक्षा काम मोठे होते.

जमिनीवर पाय टेकले की मात्र जुनी व्यवस्था पुन्हा सुरू होई. रात्रभर एकाच विमानात मरणाशी झुंजलेली माणसे सकाळी वेगवेगळ्या मेसमध्ये जेवायला जात. अधिकाऱ्यांची मेस निराळी, सार्जंटांची निराळी. पगार निराळा, आणि मेल्यावर विधवेला मिळणारे निवृत्तिवेतनही हुद्द्याप्रमाणे कमीजास्त. शौर्यालाही वर्ग होता. एकाच विमानात, एकाच रात्री, सारखाच पराक्रम केला तरी अधिकाऱ्याला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस आणि सार्जंटाला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल. हा भेद ब्रिटनने १९९३ पर्यंत चालू ठेवला. मनाचा तोल ढळून ज्याने पुढे उड्डाण करण्यास नकार दिला, त्याच्या कागदांवर मनोधैर्याचा अभाव असा शेरा मारून त्याला हुद्द्यावरून उतरवीत आणि हलक्या कामाला लावीत. बाँबर कमांडच्या सुमारे सव्वा लाख वैमानिक-कर्मचाऱ्यांपैकी ५५,५७३ मेले. शंभरांत चव्वेचाळीस. एवढे मरण समोर असताना एखाद्याचा धीर सुटला तर त्याला भित्रा ठरवणे, हा कोणत्या न्यायाचा नमुना म्हणावा?

कबरीतील समता

मग कबरीत ही समता आली कोठून? ती आपोआप आलेली नाही. तिच्यासाठी भांडण झाले आहे. पहिल्या महायुद्धाच्या पूर्वी युरोपातील लष्करांत अधिकाऱ्याची कबर निराळी, त्यावर कोरीव दगड, आणि साध्या शिपायांना एका खड्ड्यात लोटून वर माती, अशीच सर्वसाधारण रीत होती. १९१५ च्या एप्रिलमध्ये माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा नातू फ्रान्समध्ये मारला गेला, तेव्हा खास परवानगी काढून त्याचा देह इंग्लंडला आणण्यात आला. मजुराच्या मुलाला ही सवलत मिळणे शक्य नव्हते. या भेदाविरुद्ध भूमिका घेणाऱ्या फेबियन वेअर यांच्या पुढाकाराने १९१७ साली साम्राज्याच्या युद्धकबरींची देखभाल करणारा आयोग स्थापन झाला. पुढच्या वर्षी फ्रेडरिक केन्यन यांनी दिलेल्या अहवालात तत्त्व ठरले: कोणाचाही देह मायदेशी नेला जाणार नाही, सेनापती असो की शिपाई, प्रत्येकाला एकाच मापाची, एकाच घडणीची शिळा मिळेल, श्रीमंताला आपल्या पैशाने मोठे स्मारक उभारता येणार नाही.

या निर्णयावर सरदार-उमरावांच्या घरांतून मोठा गहजब झाला. आपल्या मुलाच्या कबरीवर आपला अधिकार नाही काय, असा त्यांचा सवाल होता, आणि शोकाकुल आईबापांच्या तोंडी तो अगदीच चुकीचा होता असेही नाही. १९२० च्या मे महिन्यात ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात यावर कडाक्याची चर्चा झाली आणि समतेचे तत्त्व टिकले. तरीही पैशाने कोठेतरी वाट काढलीच. शिळेच्या पायथ्याशी घरच्यांना आपल्या शब्दांत एखादी ओळ कोरून घेण्याची मुभा होती. ती ६६ अक्षरांपर्यंत, आणि दर अक्षराला साडेतीन पेन्स. या आकाराविरुद्ध ओरड झाल्यावर ती रक्कम ऐच्छिक करावी लागली. दुःखाच्या अक्षरांचाही दर ठरवणारी ही व्यवस्था होती, हे विसरता येत नाही. तथापि एकंदरीने पाहता हे तत्त्व मोठे होते. ज्या समाजाने जिवंतपणी माणसामाणसांत पावलोपावली भेद केला, त्याला मेलेल्यांपुढे तरी मान खाली घालून समता मान्य करावी लागली. आपल्या पुण्यात खडकीच्या युद्ध दफनभूमीत गेल्यास हीच समता दिसते. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ मृतांच्या तेथील शिळांत कोण वरचा आणि कोण खालचा हे शिळेच्या आकारावरून ओळखता येत नाही.

मात्र मेलेल्यांना समता देणे स्वस्त असते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मेलेला माणूस पगारवाढ मागत नाही, घर मागत नाही, युद्ध का पुकारले असे विचारीत नाही. म्हणूनच राज्यकर्ते त्याला हवे तेव्हा आठवतात आणि हवे तेव्हा विसरतात. बाँबर कमांडच्या बाबतीत तेच घडले. युद्ध चालू होते तोवर हे तरुण राष्ट्राचे तारणहार होते. शहरे जाळण्याचा हा मार्ग जगाच्या डोळ्यांत खुपू लागताच त्यांच्याविषयी बोलणे गैरसोयीचे झाले. १९४५ च्या १३ मे रोजी चर्चिल यांनी विजयाचे भाषण केले, त्यात या मोहिमेचा उल्लेखच नव्हता. १९९२ साली लंडनमध्ये पुतळा उभा राहिला तो सेनापती आर्थर हॅरिस यांचा. मेलेल्या ५५ हजारांचे स्मारक लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये व्हायला २०१२ साल उजाडले, म्हणजे त्यांचे बहुतेक जिवंत सोबतीही तोवर गेले होते. त्या स्मारकाच्या छतासाठी गेरार्ड्सबर्गनच्या चिखलातून निघालेल्या त्या हॅलिफॅक्स विमानाचे ॲल्युमिनियम वितळवून वापरले आहे. हुकूम देणाऱ्याचा पुतळा आधी आणि हुकूम पाळून मेलेल्यांचे स्मारक वीस वर्षांनी, हा क्रम पुरेसा बोलका आहे.

विमानाच्या खाली

परंतु या वैमानिकांचे स्मरण करताना त्यांच्या विमानाखाली कोण होते हा प्रश्न टाळता येणार नाही. टाळला तर आपणही राज्यकर्त्यांसारखेच अर्धे सत्य सांगू. १९४२ च्या १४ फेब्रुवारीला बाँबर कमांडला जो आदेश मिळाला, त्यात शत्रूच्या नागरी लोकांचे, विशेषतः कारखान्यांतील कामगारांचे मनोधैर्य खच्ची करणे हे उद्दिष्ट स्पष्टपणे घातले होते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये चर्चिल यांचे शास्त्रीय सल्लागार लिंडेमन यांनी शत्रूची घरे पाडून लोकांना बेघर करण्याचा हिशेबच मांडला. दाट वस्तीची घरे लवकर पेटतात आणि दाट वस्ती असते ती कामगारांचीच. श्रीमंतांचे बंगले विरळ असतात, त्यांच्यावर बाँब टाकणे या हिशेबात परवडत नाही. विमानातून बाँब टाकणारा मँचेस्टरच्या कामगाराचा मुलगा आणि खाली जळणारे हॅम्बर्गच्या गोदी कामगाराचे घर, असा हा सामना होता.

१९४३ च्या जुलैच्या अखेरीस हॅम्बर्गवर लागोपाठ हल्ले झाले. २७ जुलैच्या रात्री हामरब्रोक, हाम, रोटेनबुर्गसोर्ट या कामगार वस्त्यांत आगीचे वादळ उठले. सारे हल्ले मिळून ३५ ते ४० हजार माणसे मेली. नाझी राजवटीने ज्यूंना सार्वजनिक आसऱ्याच्या तळघरांत येण्यास बंदी केली होती. वस्त्यांतून प्रेते काढण्याच्या कामाला नॉयनगामे येथील छळछावणीतील कैदी जुंपण्यात आले. फॅसिझमचे बळी आणि फॅसिझमविरुद्धच्या युद्धाचे बळी असे एकाच ढिगाऱ्यात मिसळले.

हॅम्बर्गला ओल्सडॉर्फ नावाची विस्तीर्ण दफनभूमी आहे. आगीत मेलेल्या सुमारे ३७ हजार लोकांना तेथे क्रूसाच्या आकाराच्या एका प्रचंड सामूहिक कबरीत पुरले आहे. तेथे मृतांची नावे नाहीत; लाकडी तुळयांवर जळून गेलेल्या वस्त्यांची नावे तेवढी कोरलेली आहेत. आणि याच ओल्सडॉर्फच्या आवारात राष्ट्रकुलाची युद्ध दफनभूमीही आहे. तिच्यात पाडल्या गेलेल्या बाँबफेकी विमानांतील तरुण झोपले आहेत. जाळणारे आणि जळालेले एकाच आवारात आहेत. एकीकडे नीट रांगांतील शिळा आणि प्रत्येकाचे नाव; दुसरीकडे नावाशिवाय हजारो.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की दोन्ही बाजू सारख्याच दोषी होत्या. तो निष्कर्ष चुकीचा आहे. गेर्निका १९३७ साली जाळले ते हिटलरच्या विमानांनी. वॉर्सा, रॉटरडॅम, कॉव्हेंट्री यांच्यावर आधी बाँब पडले ते नाझींचेच. फॅसिझमचा पराभव होणे मानवजातीसाठी आवश्यक होते आणि त्या पराभवात या तरुणांचा वाटा आहे. परंतु युद्ध न्याय्य असले म्हणून त्यात वापरलेले प्रत्येक साधन न्याय्य ठरत नाही. साधनशुचितेचा आग्रह ज्या देशातील स्वातंत्र्यलढ्याने धरला, तेथील समाजवाद्यांना तरी हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. त्या साधनाची निवड गनरने केली नव्हती. त्याचा जाब आदेश काढणाऱ्यांना विचारायचा. ग्रीन पार्कमधील स्मारकावरही बाँबहल्ल्यांत मेलेल्या सर्व देशांच्या लोकांचे स्मरण करणारे शब्द आहेत, ही समाधानाची गोष्ट मानली पाहिजे.

बेचाळीसची आठवण

येथे आपल्याकडील एक आक्षेप उभा राहतो आणि तो साधा नाही. १९४२ च्या ऑगस्टमध्ये चले जाव चळवळ पेटली, तेव्हा बिहारमध्ये रेल्वेमार्ग उखडणाऱ्या जमावांवर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या संमतीने विमानांतून मशीनगन चालवण्यात आली. त्यापूर्वी वीस वर्षे वायव्य सरहद्दीवर वझिरीस्तानातील खेड्यांवर ब्रिटिश हवाई दल बाँब टाकीतच होते. १९४३ साली हॅम्बर्ग जळत होते त्याच महिन्यांत बंगालमध्ये माणसे रस्त्यावर भुकेने मरत होती. त्या दुष्काळात सुमारे ३० लाख गेले आणि लंडनच्या मंत्रिमंडळाला त्याची निकड वाटली नाही. मग ज्या साम्राज्याने आपल्या लोकांना आकाशातून गोळ्या घातल्या आणि जमिनीवर उपाशी मारले, त्याच्या वैमानिकांसाठी आपण का हळहळायचे?

या आक्षेपाचे उत्तर असे की साम्राज्य आणि त्याच्या सैन्यात भरती झालेला माणूस यांत फरक करावाच लागतो. तसा केला नाही तर आपल्याच माणसांना आपण नाकारू. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्यात भरती झालेल्यांची संख्या २५ लाखांवर गेली होती. त्यांत आपल्या दुष्काळी तालुक्यांतील आणि कोकणातील जवान होते. पोटासाठी गेलेले, घरच्या कर्जापायी गेलेले आणि क्वचित फॅसिझमविरोधी भावनेने गेलेलेही. कोणाचा एक भाऊ ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तर दुसरा येरवड्याच्या तुरुंगात, अशी घरे त्या काळी नवलाची नव्हती. तुरुंगातल्या भावाने पलटणीतल्या भावाला शत्रू मानले नाही. त्याच न्यायाने कॅनडाच्या शेतकऱ्याचा किंवा मँचेस्टरच्या कामगाराचा मुलगाही आपला शत्रू ठरत नाही. आपले भांडण होते आणि आहे ते त्या तरुणाला विमानात बसवून, त्याचे मरण स्वतःच्या वैभवासाठी वापरणाऱ्या व्यवस्थेशी.

आणि त्या व्यवस्थेला विचारण्याचा खरा प्रश्न याहून वेगळा आहे. केन्यन अहवालातील समता सर्वांसाठी होती काय?

बसऱ्याचे आकडे

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवर हिंदी सैन्य लढले. सहाव्या पुणे डिव्हिजनला कूत येथे वेढा पडला. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. उपासमारीने हैराण झालेल्या या फौजेने १९१६ च्या २९ एप्रिलला शरणागती पत्करली आणि कैदेत नेले जाताना वाळवंटाच्या वाटेवर असंख्य शिपाई मेले. या आघाडीवर मेलेल्या आणि कबर न लाभलेल्यांसाठी १९२९ साली बसऱ्याला स्मारक झाले. ते चाळीस हजारांहून अधिक मृतांचे आहे. त्यावर ब्रिटिशांची नावे आहेत, अगदी साध्या शिपायापर्यंत. हिंदी सैन्यातील अधिकाऱ्यांचीही आहेत. परंतु हिंदी शिपायांची नाहीत. पलटणीचे नाव, त्याखाली एखाददुसऱ्या हिंदी अधिकाऱ्याचे नाव आणि पुढे इतके इतर जवान असा आकडा. अशा आकड्यांत जमा झालेले हिंदी जवान ३३ हजारांहून अधिक आहेत.

हे नजरचुकीने झाले असे म्हणण्याची सोय नाही. फ्रान्समध्ये नव्ह शापेल येथे हिंदी सैन्याचे स्मारक १९२७ साली उभे राहिले. तेथे ४,७०० हून अधिक हिंदी जवानांची नावे कोरली आहेत. म्हणजे युरोपच्या नजरेसमोर हिंदी शिपायाला नाव होते. वाळवंटात, जेथे पाहायला कोणी येणार नव्हते, तेथे त्याचा आकडा पुरेसा मानला गेला. पूर्व आफ्रिकेत तर ओझी वाहणाऱ्या हजारो काळ्या हमालांच्या वाट्याला आकडाही आला नाही. अशिक्षित लोकांना शिळांचे आणि नावांचे महत्त्व कळत नाही, असा साम्राज्याच्या कारभाऱ्यांचा समज होता. आपल्या गावांत पिढ्यान्पिढ्या वीरगळांना शेंदूर फासला जातो, हे त्यांना कोण सांगणार?

या विषमतेची कबुली मिळायला शंभर वर्षे लागली. २०२१ च्या एप्रिलमध्ये युद्धकबर आयोगाने नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धात मेलेल्या ४५ ते ५४ हजार हिंदी आणि आफ्रिकी जवानांचे स्मरण असमान पद्धतीने झाले, आणि आणखी किमान १ लाख १६ हजार जणांचे, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत जणांचे, नावानिशी स्मरण झालेच नाही किंवा मुळीच झाले नाही, असे त्यात मान्य केले आहे. आयोगाने आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी माफी मागितली. माफी स्वागतार्ह आहे. परंतु जो हिशेब शंभर वर्षे थकला, तो माफीने चुकता होत नाही.

गेरार्ड्सबर्गनच्या दलदलीची आठवण येथे ठेवावी. तीन माणसांसाठी ५३ वर्षांनी दलदल उपसली गेली आणि ते योग्यच झाले. तेहतीस हजारांसाठी मात्र छिन्नी उचलली गेली नाही. मेलेल्या माणसाला नाव असावे, ही भावना जर सार्वत्रिक असेल, तर तिला चामडीचा रंग दिसता कामा नये. तिघांसाठी झालेल्या खटाटोपाबद्दल आपल्याला असूया नाही. तो मापदंड आहे आणि तोच मापदंड आपल्या माणसांना लावावा, एवढीच आपली मागणी आहे.

आपल्या गावांचे काय?

ही मागणी लंडनकडे करून आपले काम संपत नाही. सातारा, रत्नागिरी आणि इतर जिल्ह्यांतील पुष्कळ गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर एक लहानशी संगमरवरी पाटी असते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले आणि त्यांपैकी इतके मेले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो. साताऱ्याजवळचे अपशिंगे तर मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. गावोगावच्या त्या पाट्यांवर आकडा आहे, नावे नाहीत. बसऱ्याची रीत आपल्या चावडीपर्यंत पोचलेली आहे. स्वातंत्र्यानंतर इतकी वर्षे लोटली, ग्रामपंचायती आल्या, जिल्हा परिषदा आल्या, पाट्यांना रंगही दिले गेले. त्या आकड्यांची नावे करावीत असे मात्र फारच थोड्या ठिकाणी कोणाला सुचले. इंग्रजांनी नावे दिली नाहीत हा त्यांचा अपराध. आपण ती शोधली नाहीत, हा कोणाचा?

नावे सापडणार नाहीत असे समजण्याचे कारण नाही. लाहोरच्या संग्रहालयात पंजाबातील सुमारे ३ लाख २० हजार जवानांच्या नोंदींच्या वह्या शतकभर पडून होत्या. त्या बाहेर निघाल्या आणि २०२१ सालापासून सर्वांना पाहता येऊ लागल्या. कोण कोणत्या गावचा, कोणत्या पलटणीत, काय झाले, हे सारे त्यांत आहे. आपल्याकडेही घरोघरी जुन्या पेट्यांत पदके आहेत, निवृत्तिवेतनाचे कागद आहेत, आजीने सांगितलेल्या हकिगती आहेत. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयांत आणि पलटणींच्या मुख्यालयांत दप्तरे आहेत. प्रत्येक तालुक्यातील दोनचार कार्यकर्त्यांनी, शाळेतील शिक्षकांना आणि मुलांना बरोबर घेऊन, एकेका गावाची यादी करायला घेतली तर वर्षभरात पुष्कळ काम होण्यासारखे आहे. यादीत हुद्दा पाहू नये आणि जात पाहू नये. लढणाऱ्यांबरोबर खेचरे हाकणारे, पखालीतून पाणी पुरवणारे, झाडलोट करणारे आणि ओझी वाहणारे यांचीही नावे त्यात यावीत. लष्कराच्या कागदांत ते नेहमी शेवटी असतात किंवा नसतातच. आणि त्याच गावातून बेचाळीसच्या लढ्यात गोळी खाऊन किंवा तुरुंगात खितपत मेलेल्यांची नावेही त्यांच्या शेजारी यावीत. साम्राज्याने या दोघांना एकमेकांसमोर उभे केले होते. त्यांना शेजारी आणणे आपल्या हाती आहे.

असे स्मरण राज्यकर्त्यांच्या उपयोगाचे नसते. एखादा पुढारी हुतात्म्यांच्या नावाने नवे युद्ध मागू लागला, तर ज्या गावाने आपल्या मृतांची नावे स्वतः शोधली आहेत, ते गाव त्याला हिशेब विचारील: कोण गेले, कोणी पाठवले, त्यांच्या विधवांना किती रुपये मिळाले, आणि पलीकडे कोण मेले? चिकटून उभ्या असलेल्या त्या शिळांखाली सात जण हुद्दा विसरून एकत्र झोपले आहेत. जिवंत माणसांना ती समता मिळवून देण्याचे काम मेलेल्यांचे नव्हे. ते आपले आहे, आणि चावडीवरच्या पाटीखाली नावांची यादी लावण्यापासून त्याची सुरुवात करता येईल.